आधी बंध, मग नाव: रासायनिक बंध आणि संयुगांची नावं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात, पूर्व भागात, मी नववी ते अकरावीच्या मुलांची रसायनशास्त्राची शिकवणी घेते. दरवर्षी जून-जुलैत तेच प्रश्न येतात. मुलं विचारतात, कधी त्यांच्या आया विचारतात, एकदोनदा डाईंगमध्ये कामाला असलेल्या वडिलांनीही विचारले आहेत. ते प्रश्न इथे घेतले आहेत. सूत्रं आपण फळ्यासमोर मोठ्यानं वाचतो तशीच लिहिली आहेत: एच टू ओ, सीए सीएल टू. वहीत मात्र ती चिन्हांतच लिहायची आणि आकडा खाली, बारीक.

मॅडम, संयुगांची नावं सरळ पाठ केली तर चालेल का?

वीस-पंचवीस नावांपर्यंत चालेल. अकरावीत गेल्यावर ती शेकड्यांनी येतात, तेव्हा पाठांतर तोंडघशी पाडतं.

दोन नावं शेजारी ठेवून बघा. कॅल्शियम क्लोराइड म्हणजे सीए सीएल टू आणि कार्बन टेट्राक्लोराइड म्हणजे सीसीएल फोर. दोन्हींत एकाहून जास्त क्लोरीन आहेत. मग एका नावात ‘टेट्रा’ आहे आणि दुसऱ्यात ‘डाय’ का नाही? पाठ करणारा म्हणतो, ‘असंच असतं’. पण तसं नाही. कॅल्शियमनं आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकले आहेत, कार्बननं आपले चार वाटून घेतले आहेत. पहिला आयनिक बंध, दुसरा सहसंयुज, आणि नावांचे नियम या दोन घराण्यांत वेगळे आहेत. म्हणून माझ्या वर्गात क्रम ठरलेला असतो: आधी बंध ओळखायचा, मग तोंड उघडून नाव सांगायचं.

नावातून घडण कळावी हा विचार १७८७ साली पॅरिसमध्ये मांडला गेला. गितों द मोर्व्हो, लॅव्हॉझिए, बर्थोले आणि फूर्क्रॉय या चौघांनी मिळून संयुगांच्या नावांची पद्धत छापली. त्याआधी प्रत्येक पदार्थाचं नाव रंगावरून, गावावरून नाहीतर काढणाऱ्यावरून पडायचं. आपल्याकडेही मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार ही नावं आहेतच. छान नावं आहेत, जपावीत. पण मोरचुदात तांबं आहे आणि हिराकशीत लोखंड, हे त्या नावांतून कळत नाही.

अणू एकमेकांना धरतातच कशाला?

‘अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करायला’ असं उत्तर सगळे देतात, परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण ते अर्धंच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सोडियमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचा असतो’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात वायुरूप सोडियमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. तो क्लोरीननं घेतला की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे मोलमागे १४७ किलोज्यूलची खोट! एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मीठ तयारच झालं नसतं. भरपाई पुढे होते. इलेक्ट्रॉन गमावलेले धन आयन आणि तो मिळवलेले ऋण आयन जवळ येऊन, एकाआड एक बसून स्फटिक होतात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. मीठ टिकतं ते या शेवटच्या हिशेबावर. दोघांची अष्टकं भरली, एवढ्यानं ते टिकलं नसतं.

या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. अमुक सोडियम अमुक क्लोराइडचा, अशी जोडी नसतेच. म्हणून ‘मिठाचा रेणू’ म्हणणं चूक आहे. एनएसीएल हे फक्त प्रमाण आहे, एकास एक. हे वाक्य वहीत चौकटीत लिहून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉनची जोडी दोन्ही अणूंच्या मध्ये राहते आणि दोन्ही केंद्रकं तिला ओढत असतात. ही सामाईक जोडीची कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली. वहीत आपण जे ठिपके काढतो ते त्यांचेच.

आणि एक चूक, जी दर वर्षी निम्म्या पेपरांत सापडते: ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’. उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, जुळताना ती सुटते. गॅस पेटल्यावर जी उष्णता मिळते ती नव्या, अधिक मजबूत बंधांची.

आयनिक की सहसंयुज, हे झटकन कसं ओळखायचं?

धातू आणि अधातू असतील तर बहुतेक वेळा आयनिक. दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज. नववी-दहावीला एवढं पुरतं.

अकरावीत विद्युतऋणता येते, म्हणजे बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी अणू स्वतःकडे किती ओढतो ते. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिची मोजपट्टी दिली. सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३, म्हणजे आयनिक. हायड्रोजन २.२० आणि क्लोरीन ३.१६, फरक ०.९६, म्हणजे ध्रुवीय सहसंयुज: वाटणी आहे, पण असमान. ‘फरक १.७ च्या वर गेला की आयनिक’ हा आकडा मुलं देववाणीसारखा धरून बसतात. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ आहे आणि तरी तो सहसंयुज रेणूच आहे. तो आकडा म्हणजे कुंपण नव्हे, मधला धूसर पट्टा आहे. एका बाजूला पूर्ण वाटणी, दुसऱ्या बाजूला पूर्ण देवघेव आणि मध्ये खूप जणांची वस्ती.

धातू-अधातूच्या नियमालाही दोन अपवाद लक्षात ठेवा. पहिला नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात कथील फिरवायच्या आधी जी पांढरी पूड टाकतो आणि भसकन धूर निघतो, तीच. त्यात धातू नावालाही नाही, पण अमोनियम हा चार हायड्रोजन आणि एक नायट्रोजन यांचा धन आयन आहे, म्हणून संयुग आयनिक. त्या आयनाच्या आत मात्र नायट्रोजन-हायड्रोजनचे बंध सहसंयुज. एकाच संयुगात दोन्ही बंध असू शकतात, यावर मुलांचा विश्वास बसायला वेळ लागतो. दुसरा अपवाद निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड: धातू असूनही ते सुमारे १८० अंशांना थेट वाफ होऊन उडतं. मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात. यावरून काय ते समजा.

बंध डोळ्यांना दिसत नाही. मग त्याचा पुरावा काय?

घरात आहे. शेंगा चटणी.

आपल्याकडची खलबत्त्यात कुटलेली चटणी घ्या. शेंगदाण्याचं तेल सुटून ती ओलसर होते, मिठाचे खडे मात्र चार दिवसांनीसुद्धा दाताखाली येतात. तेवढंच मीठ पेलाभर पाण्यात टाका, मिनिटभरात दिसेनासं होतं. तेलाचे रेणू लांबलचक, बहुतांश कार्बन-हायड्रोजनचे, ध्रुवीयता जवळजवळ नाही. मिठातल्या आयनांना एकमेकांपासून सोडवावं, अशी ओढ त्यांच्याकडे नाही. पाण्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला आहे. ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनच्या बाजू थोड्या धन. सोडियमभोवती पाणी ऑक्सिजनची बाजू पुढे करून उभं राहतं, क्लोराइडभोवती हायड्रोजनची. असा गराडा पडला की आयन स्फटिकातून सुटतो.

आता साखर. तीही पाण्यात विरघळते, तेलात नाही. मग साखर आयनिक का? नाही. तिचे रेणू सहसंयुज आहेत, अखंडच विरघळतात, त्यांचे आयन होत नाहीत. नऊ व्होल्टची बॅटरी, एक छोटा एलईडी आणि त्याला लागणारा रोधक घेऊन दोन वाट्यांत तपासा. मिठाच्या पाण्यात दिवा लागतो, साखरेच्या पाण्यात लागत नाही. घरातल्या बोर्डाची वीज यासाठी कधीही वापरायची नाही. भावाबहिणींनाही वापरू द्यायची नाही. कोरडं मीठ वीज वाहत नाही, कारण आयन असले तरी ते जागचे हलत नाहीत. हाही पेपरातला आवडता प्रश्न.

चादरीचा रंग पक्का असतो, काही कपड्यांचा जातो. याचा बंधांशी संबंध आहे का?

संबंध आहे, आणि सोलापूरच्या मुलांनी हे उत्तर कुणापेक्षाही चांगलं द्यावं असं मला मनापासून वाटतं. कित्येकांच्या घरचं पोट चादर-टॉवेलवर आणि त्यांच्या रंगावर भरत आलं आहे.

सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या साखळीवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असतात. डायरेक्ट प्रकारचा रंग या धाग्याला हायड्रोजन बंधांनी आणि रेणूंमधल्या हलक्या ओढीनं चिकटलेला असतो. गरम पाणी आणि साबण मिळाला की थोडाथोडा निसटतो. रिॲक्टिव्ह रंगाची तऱ्हा वेगळी, तो धाग्याशी थेट सहसंयुज बंध जोडतो. सुतासाठी असे रंग बाजारात आले ते १९५६ साली. रंग धाग्याचाच भाग झाला, तो धुऊन निघणार कुठून?

डाईंगमधली कृती आठवा. आधी कढईत मीठ घालतात, मग काही वेळानं सोडा. मिठाचं काम असं: पाण्यात धागाही ऋण प्रभारित, रंगाचे आयनही ऋण, दोघं एकमेकांना लोटतात. मिठातला सोडियम ती लोटालोटी कमी करतो आणि रंग धाग्यावर चढतो. सोड्यानं पाणी आम्लारिधर्मी होतं आणि सेल्युलोज बंध जोडायला तयार होतं. म्हणजे आयनिक संयुगाच्या मदतीनं सहसंयुज बंध. मागच्या वर्षी एका मुलीनं हे घरी सांगितलं. वडील म्हणाले, ‘सोडा आधी पडला तर लॉट डागाळतो, एवढं आम्हाला ठाऊक होतं. का, ते आज कळलं.’ सोडा आधी पडला तर रंग सारखा पसरायच्या आतच जिथल्या तिथे बांधला जातो. तेच ते डाग.

डाईंगमधल्या ‘हायड्रो’त हायड्रोजन असतो का?

अजिबात नसतो. नावात घडण असावी हे मी का सांगत असते, त्याचं यासारखं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही.

व्हॅट रंग चढवताना जी पांढरी, उग्र वासाची पूड वापरतात तिला सगळं सोलापूर हायड्रो म्हणतं. ते ‘सोडियम हायड्रोसल्फाइट’ या जुन्या व्यापारी नावाचं लघुरूप. सूत्र एनए टू एस टू ओ फोर. सोडियम, गंधक, ऑक्सिजन, बस्स. आजचं नाव सोडियम डायथायोनाइट. ‘थायो’ म्हणजे गंधक, ‘डाय’ म्हणजे दोन, शेवटचं ‘आइट’ सांगतं की हा ऑक्सिजन असलेला आयन आहे. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. हायड्रो त्याचं क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, विरघळणाऱ्या रूपात आणतं, ते धाग्यात शिरतं आणि हवेतला ऑक्सिजन लागला की पुन्हा अविद्राव्य होऊन आतच अडकतं.

माझ्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत काकांबरोबर कामाला जायचा. पावसाळ्यात गोदामाच्या कोपऱ्यात हायड्रोचा डबा नीट बंद झाला नव्हता, वरून गळत होतं. पूड ओलसर झाली, तापली आणि धुमसायला लागली. मुलानं ऐकलेल्या नावावरून अंदाज बांधला की हायड्रोजनचं काहीतरी आहे, पाण्यानं विझेल, आणि तो तांब्याभर पाणी घेऊन पुढे गेला. काकांनी दंडाला धरून मागे ओढला. ओल लागलेलं डायथायोनाइट स्वतःच तापतं, पेट घेऊ शकतं आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तांब्याभर पाणी म्हणजे त्याला आणखी ओलं करणं. मुलगा सुखरूप आहे, आता बारावीला आहे. पण ‘नावांचा धडा ऑप्शनला टाकला तर चालेल का’ असं कुणी विचारलं की मला तो तांब्या आठवतो.

सोड्याचंही तसंच. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, नव्या पद्धतीत सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे दहा पाण्यांसह सोडियम कार्बोनेट. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, जो कातडी जाळतो आणि डोळा घालवतो. तिघेही पांढरे, तिघांचंही हाकेचं नाव सोडा. घरात, कारखान्यात, कुठेही डब्यावर पूर्ण नाव लिहिलेली चिठ्ठी हवीच.

सीए सीएल टू ला ‘कॅल्शियम डायक्लोराइड’ का म्हणत नाहीत?

कारण तो ‘डाय’ सांगायची गरजच नाही. कॅल्शियमचा आयन नेहमी दोन धन, क्लोराइड नेहमी एक ऋण, प्रमाण दुसरं होऊच शकत नाही. रेणू नाही, फक्त प्रमाण, हे चौकटीतलं वाक्य आठवा. सूत्र लिहिताना संयुजा, म्हणजे प्रत्येकानं दिलेल्या-घेतलेल्या इलेक्ट्रॉनचे आकडे, तिरक्या उतरवा आणि भाग जात असेल तर लहान करा. मूलक, म्हणजे अनेक अणूंचा मिळून झालेला आयन, एकाहून जास्त असेल तर कंस: सीए ओएच होल ट्वाइस.

बोअरच्या पाण्यामुळे गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो याच सरावासाठी घ्या. पाण्यात कॅल्शियम हायड्रोजन कार्बोनेट विरघळलेलं असतं, सीए एचसीओ थ्री होल ट्वाइस. तापवलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. कार्बोनेट पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून ते कॉइलवर बसतं.

मग ‘आयर्न टू’, ‘आयर्न थ्री’ कशाला?

लोखंड कधी दोन इलेक्ट्रॉन देतं, कधी तीन. नुसतं ‘आयर्न क्लोराइड’ म्हटलं तर कोणतं ते कळणार नाही. म्हणून धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक. ही पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवली. जुनी पद्धत फेरस आणि फेरिक: ‘अस’ खालची संयुजा, ‘इक’ वरची. पण हे फक्त खालचं-वरचं आहे, आकडा नव्हे. फेरस म्हणजे दोन, क्युप्रस म्हणजे एक. रोमन अंक त्या घोटाळ्यातून सोडवतो. तो अंक धातूच्या एका आयनाचा प्रभार सांगतो, अणूंची संख्या नाही. आयर्न थ्री ऑक्साइडमध्ये लोखंडाचे अणू दोन असतात. इथे फार मुलं घसरतात.

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या मुलांसाठी डाळिंबाच्या बागेतलं उदाहरण देते. एक टक्का बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, करताना एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना १०० लिटर पाण्यात. मोरचूद म्हणजे कॉपर टू सल्फेट पेंटाहायड्रेट. ‘पेंटाहायड्रेट’ म्हणजे स्फटिकातले पाच पाणी. तापवलं की ते जातं आणि निळा खडा पांढरा पडतो. मिश्रण झालं की जुने शेतकरी त्यात लोखंडी विळा किंवा सळई मिनिटभर बुडवतात. पातं तांबूस झालं तर म्हणतात, ‘चुना कमी पडला’. का? चुना पुरेसा असेल तर तांब्याचे आयन अविद्राव्य होऊन बसतात. तो कमी पडला तर कॉपर टू आयन मोकळे राहतात, लोखंड त्यांना दोन इलेक्ट्रॉन देतं आणि ते तांबं होऊन पात्यावर चढतात. असं पाणी फवारलं तर पानं करपतात. लोखंड इथे आयर्न टू होऊन द्रावणात जातं. दोन अंक, एक विळा, पूर्ण धडा.

आइड, आइट, एट… फार गोंधळ होतो.

आइड म्हणजे सहसा एकटा अधातू: क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे पाहुणे. आइट आणि एट म्हणजे सोबत ऑक्सिजन आहे, एटमध्ये आइटपेक्षा एक जास्त. पण किती, हे नावात नाही: सल्फेटमध्ये चार, नायट्रेटमध्ये तीन. म्हणून हे आयन पाठच करावे लागतात. पाठांतराला माझा विरोध नाही, जागा चुकली की विरोध आहे. नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड, अमोनियम, हायड्रोजन कार्बोनेट, परमँगनेट, डायक्रोमेट, एवढे पाढ्यांसारखे यायला हवेत, प्रभारासकट.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. तिथे गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि चुन्याबरोबर उसाच्या रसात सोडतात. तयार होतं कॅल्शियम सल्फाइट. ‘सल्फेट’ लिहिलंत तर एक ऑक्सिजन फुकट वाढवलात.

क्लोरीनच्या घरात चार भावंडं आहेत, हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट, ऑक्सिजन एक ते चार. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरमध्ये थोरला नसतो, धाकटा असतो: कॅल्शियम हायपोक्लोराइट.

मोनो, डाय, ट्राय कुठे वापरायचं?

दोन अधातूंच्या सहसंयुज संयुगांत. तिथे तेच दोन अणू वेगवेगळ्या प्रमाणात जुळतात, म्हणून मोजून सांगावं लागतं. पहिल्या मूलद्रव्याला मोनो लावत नाहीत. एन टू ओ फाइव्ह म्हणजे डायनायट्रोजन पेंटॉक्साइड.

हा उपसर्ग किरकोळ वाटत असेल तर कार्बनची दोन ऑक्साइडं आठवा. डायऑक्साइड आपण प्रत्येक श्वासात बाहेर टाकतो. मोनॉक्साइड बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून निघतो, त्याला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. गॅस गिझर असेल तर त्या खोलीला कायमची उघडी हवेची वाट हवी. आज घरी जाऊन बघा.

हायड्रोजन बंध हा खरा बंध असतो का?

सहसंयुज बंधापेक्षा पुष्कळ दुबळा, पण त्याच्याशिवाय सोलापूरचा उन्हाळा काढता आला नसता. एका रेणूतला थोडा धन हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरीनकडे ओढला जातो, तो हा. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याहून जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी मात्र १०० पर्यंत तग धरतं, कारण रेणूंनी एकमेकांचे हात धरलेले असतात. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होताना ते हात सोडवावे लागतात. दर ग्रॅमला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात, आणि ते आतल्या पाण्यातून घेतले जातात. एप्रिलच्या दुपारी माठातलं पाणी गार लागतं ते यामुळे. माठाला बाहेरून रंग देऊ नका, छिद्रं बुजतात.

सगळीकडे आठच इलेक्ट्रॉन असतात का?

नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच, फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये दहा, सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये बारा. आणि ज्यांना आपण निष्क्रिय वायू म्हणत होतो त्यांतल्या झेनॉनचं संयुग १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी करून दाखवलं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. अकरावीत सगळं इंग्रजी, मी मागे पडेन का?

हा प्रश्न वर्ग सुटल्यावर, पायात चपला घालताना, हळू आवाजात विचारला जातो. इथल्या पुष्कळ मुलांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, शाळा मराठीत आणि अकरावी इंग्रजीत. तीन भाषांमधून चालत आलेल्या मुलांना मी कमी कसं समजू?

नीट बघा, संयुगांची नावं बदलतच नाहीत. सोडियम क्लोराइड तिकडेही सोडियम क्लोराइडच. बदलतात ते साठ-सत्तर शब्द: संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, आम्लारी म्हणजे बेस, अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट, क्षपण म्हणजे रिडक्शन. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा, रोज पाच लिहा, पंधरवड्यात संपतात. शिवाय आपले शब्द अर्थ उघडून दाखवतात. ‘सहसंयुज’ म्हटलं की सोबत घेऊन जुळणं आलंच. ‘कोव्हॅलन्स’ हा इंग्रजी शब्द इर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१९ मध्ये रूढ केला, त्याचीही फोड तीच. मराठीत समजलेलं वाया जात नाही. वर्गात शब्द अडला तर मराठी शब्द मोठ्यानं म्हणा आणि विचारा. पहिला महिना जड जातो. दिवाळीपर्यंत माझी मुलं रुळलेली असतात.

एच टू ओ टू ला भाग देऊन ‘एचओ’ का करायचं नाही?

हे वर्षातून एकदाच कुणीतरी विचारतं आणि त्या दिवशी मला फार आनंद होतो.

भाग देऊन लहान करायचं ते आयनिक संयुगाचं सूत्र, कारण तिथे फक्त प्रमाण असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड सहसंयुज आहे, तिथे खराखुरा रेणू आहे: हायड्रोजन, ऑक्सिजन, ऑक्सिजन, हायड्रोजन. मधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध दुबळा, तो सहज मोडतो, आणि म्हणूनच टॉवेलचं मळकट सूत रंगवायच्या आधी पेरॉक्साइडनं पांढरं करतात. ‘एचओ’ लिहिलं की तो मधला बंधच पुसला गेला.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: बेरियम पेरॉक्साइड तर आयनिक आहे, बीए ओ टू, मग त्यात बेरियम फोर का नाही? कारण तिथे दोन ऑक्सिजन मिळून एकच आयन आहे, दोन ऋण प्रभाराचा, आतून सहसंयुज बंधानं जोडलेला. बेरियम दोनच धन. मर्क्युरी वन क्लोराइडचंही तसंच. एचजी टू सीएल टू मध्ये पाऱ्याचे दोन अणू एकमेकांशी सहसंयुज बंधानं जोडलेले असतात, दोघांत मिळून प्रभार दोन धन, प्रत्येकी एक. म्हणून नावात ‘वन’, आणि म्हणून त्यालाही भाग द्यायचा नाही.